जपानी भातशेतकरी आणि त्यांचे जमीनमालक : एका कमेंटला सविस्तर उत्तर

काका, नमस्कार. तुमची कमेंट मिळाली. त्यात मुद्दे इतके आहेत की खालच्या चौकटीत उत्तर मावणार नाही, म्हणून वेगळी पोस्टच टाकतेय. ज्यांनी ती कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात भात पिकवणाऱ्या जपानी शेतकऱ्यांबद्दल लिहिलं होतं, की त्यांनी टाकाऊ जमिनी पिकाखाली आणल्या पण त्याचा मोठा वाटा जमीनमालकांच्या पदरात पडला. काकांचा मुलगा सॅक्रॅमेंटोजवळ असतो, ते तिकडची भातशेतं स्वतः बघून आलेत, आणि त्यांचं म्हणणं असं की एक, मालकांनी जमीन दिली म्हणून तर ही माणसं उभी राहिली, तरी तुम्ही मालकांनाच व्हिलन करताय. दोन, मुलांच्या नावावर जमिनी घेणं म्हणजे सरळसरळ बेनामी व्यवहार, त्याला अन्याय कसं म्हणता. तीन, टेक्सासमध्ये हेच जपानी स्वतः जमीनमालक झाले, म्हणजे प्रश्न भांडवलाचा होता, वंशाचा नाही. आणि चार, त्या काळात जपान तरी परक्यांना जमीन विकत होता का?

प्रश्न चांगले आहेत आणि तुम्ही मनापासून विचारलेत. मीही मनापासूनच उत्तर देते.

मालकांपासून सुरुवात करू. तुम्ही आज जी शेतं बघितलीत ना काका, म्हणजे कोलुसा, ब्यूट, ग्लेन, सटर या काउंट्यांमधली, तिथली बरीचशी जमीन काळी चिकट माती, उन्हाळ्यात दगडासारखी कडक, काही ठिकाणी क्षार वर आलेले. तिथे आधी गहू व्हायचा, वर्षानुवर्षं गहू घेऊन घेऊन जमिनीचा कस गेला, भावही पडले, आणि मोठमोठे तुकडे नुसते चराईला पडून राहिले. फळबाग त्या मातीत येत नव्हती. पण पाणी धरून ठेवणारी माती भाताला लागतेच, आणि हे ज्यांना सांगावं लागलं नाही अशी माणसं म्हणजे हिरोशिमा, यामागुची, कुमामोतो, फुकुओका अशा भागांतून आलेले जपानी शेतकरी. १९१२ साली बिग्ज गावाजवळ भाताचं संशोधन केंद्र सुरू झालं, त्या वर्षी कॅलिफोर्नियात व्यापारी भात होता सुमारे १,४०० एकर. १९२० साली तो झाला सुमारे १,६२,००० एकर. आठ वर्षांत! यात गोरे शेतकरी होते, पंजाबी होते, सगळं जपान्यांनीच केलं असं मी म्हणत नाही, मागच्या पोस्टमध्येही म्हटलं नव्हतं. पण नांगर न लागलेल्या जमिनीवर पहिल्या वर्षी उतरायची जोखीम घेणाऱ्यांत ते पुढे होते.

आता ही जोखीम कोणाच्या अंगावर होती ते बघा. जमीन मालकाची, पाणी कॅनॉल कंपनीचं, आणि बाकी सगळं कुळाचं. चढउतार बघून बांध घालायचे, जमीन समतल करायची, पाट काढायचे, बियाणं, घोडे, मजुरी, आणि हे सगळं कर्ज काढून, बहुतेक वेळा येणाऱ्या पिकावरच उचल घेऊन. मालकाला मिळायचा पिकातला हिस्सा नाहीतर रोख खंड. पहिल्या महायुद्धाच्या काळात तांदळाचा भाव चढत होता तोवर सगळ्यांचं छान चाललं. १९२० च्या शेवटी भाव कोसळले, त्यात कापणीच्या वेळी पाऊस, आणि उभ्या पिकावर कर्ज घेतलेली माणसं बुडाली. जपानी बुडाले, पंजाबी बुडाले. मालकाचा त्या वर्षीचा खंड बुडाला असेल, पण बांध आणि पाट घातलेली, भाताला तयार झालेली जमीन त्याच्याकडेच राहिली. मी मागच्या वेळी "फायदा मालकांच्या पदरात पडला" म्हटलं ते याच अर्थाने, मालक वाईट मनाचे होते म्हणून नाही.

त्यात कायदा आला. १९१३ चा कॅलिफोर्नियाचा परकीय जमीन कायदा म्हणत होता की ज्यांना अमेरिकन नागरिक होता येत नाही अशा परकीयांनी शेतजमीन विकत घ्यायची नाही, आणि भाडेपट्टा फार तर तीन वर्षांचा. भाताचं ज्याला कळतं त्याला हे लगेच टोचेल. पहिलं वर्ष जमीन वळणावर आणण्यात जातं, दुसऱ्या वर्षी जरा बरं पीक येतं, आणि तिसऱ्या वर्षी हातात काही पडायला लागतं तोच लीज संपली. नवीन लीज करायची तर जमीन सुधारली म्हणून खंड जास्त, म्हणजे स्वतःच्या घामाने सुधारलेल्या जमिनीचं वाढीव भाडं स्वतःच भरायचं. मग १९२० साली लोकांचं मतदान झालं, साधारण तीनास एक अशा फरकाने नवीन कायदा पास झाला आणि तीन वर्षांची लीजही गेली. मग लोक पिकाच्या वाट्यावर शेती करायला लागले, आपल्याकडे अर्धेलीने करतात तशी, तर १९२३ च्या दुरुस्तीत तेही बंद.

इथे तुमचा पहिला मुद्दा खरं तर खूप महत्त्वाचा आहे, म्हणजे मालकांना ही माणसं हवी होती. अगदी बरोबर. त्याचा सगळ्यात चांगला पुरावा कोर्टाच्या कागदात आहे. सांता क्लारा काउंटीत ओब्रायन नावाचे एक मालक होते, १० एकर जमीन. (ही भातशेती नव्हती, पण वाट्याच्या कराराचा प्रश्न तोच.) त्यांना इनोये नावाच्या जपानी शेतकऱ्याबरोबर चार वर्षांचा करार करायचा होता. पेरणी, मशागत, कापणी इनोयेने करायची, पीक निम्मं निम्मं वाटून घ्यायचं, वाटणी जमिनीवरच करायची, आणि इनोये आणि त्याच्या माणसांनी राहायचं त्याच जमिनीवर. या करारासाठी मालक आणि शेतकरी दोघे मिळून राज्याच्या विरोधात कोर्टात गेले. खालच्या कोर्टात जिंकले. पण नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला, म्हणाले असा करार म्हणजे जमिनीचा उपभोग परकीयाला देणंच झालं, राज्य तो रोखू शकतं. पुढच्या काळात वाट्याची शेती पण कागदावर करायची सोय राहिली नाही.

मग काय झालं असेल, तुम्हीच विचार करा. जमीन पडून राहिली का? नाही. जपानी निघून गेले का? बरेच भाजीपाल्याकडे वळले, काही शहरात गेले, पण बरेच तिथेच राहिले. फक्त कागद बदलला. कागदावर तो आता पगारी माणूस, मुकादम किंवा मॅनेजर. आतून ठरलेलं तेच, इतका हिस्सा तुझा, इतका माझा, पण तोंडी. आणि काका, माझा सगळा राग या तोंडीवर आहे. लेखी लीज असते तेव्हा मालकाने शब्द फिरवला तर कूळ कोर्टात जाऊ शकतं. इथे कुळाने कोर्टात जाऊन म्हणायचं काय, की माझा बेकायदेशीर करार यांनी मोडला? सप्टेंबरात पीक पिवळं झालंय, पाणी सोडून दिलंय, शेत सुकत आलंय, आणि अशा वेळी मालक म्हणाला की यंदा निम्मं नाही, तुझा तिसरा हिस्सा, तर त्या माणसाच्या हातात काहीच नव्हतं. सगळे मालक असे वागले असं मी अजिबात म्हणत नाही, उलट पुष्कळांनी शब्द पाळला असणार, नाहीतर १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात जपानी शेती टिकलीच नसती. पण चांगला मालक मिळणं हा नशिबाचा भाग झाला. कायद्याने मालकाला असं कूळ मिळवून दिलं की ज्याला हक्क नाही, ज्याची तक्रार कोणी ऐकणार नाही. मालक कितीही सज्जन असला तरी त्याच्या हातात ही ताकद आली, आणि ती त्याने मागितलीही नव्हती.

मालकांनी रिस्क घेतली असंही तुम्ही म्हणता. घेतली, कायद्यात जमीन सरकारजमा व्हायची तरतूद होती. पण तशा कारवाया त्या काळात तुलनेने थोड्याच झाल्या, आणि धोक्याची किंमत कोणाकडून वसूल होणार हे सांगायला नको.

कॅलिफोर्नियाच्या १९२० च्या सरकारी रिपोर्टचा आकडाही इथेच देते, कारण "जपान्यांनी सगळी जमीन घेतली" हे वाक्य तेव्हा सभासभांत घुमत होतं आणि तुमच्या कमेंटमध्येही त्याची थोडी छटा आहे. रिपोर्टप्रमाणे जपान्यांच्या ताब्यात ४,५८,०५६ एकर. ऐकायला मोठा वाटतो. पण त्यातली मालकीची जमीन फक्त ७४,७६९ एकर, उरलेली ३,८३,२८७ एकर भाडेपट्ट्याने किंवा वाट्याने. म्हणजे सहातले पाच एकर दुसऱ्याच कोणाच्या नावावर. तो "दुसरा" कोण याबद्दल सभांमध्ये कोणी बोलत नसे.

आता बेनामीचा मुद्दा. काका, बेनामी म्हणजे ज्याला उघडपणे घेता येतं तो कर किंवा सीलिंग चुकवायला दुसऱ्याच्या नावावर घेतो. इथे ज्यांच्या नावावर जमीन घेतली ती मुलं अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे जन्मानेच पूर्ण अमेरिकन नागरिक. त्यांना जमीन घ्यायचा शंभर टक्के हक्क. १९२० च्या कायद्याने बापाला मुलाच्या जमिनीचा पालक व्हायलाही मनाई केली होती, म्हणजे पोरगी दोन वर्षांची, जमीन तिची, पण तिचा कारभार तिच्या बापाने बघायचा नाही! हायाओ यानो नावाच्या बापाने हे कोर्टात नेलं, त्याच्या छोट्या मुलीच्या, तेत्सुबुमीच्या नावावर जमीन होती, आणि १९२२ साली कॅलिफोर्नियाच्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही मनाई चालणार नाही. म्हणजे ज्याला तुम्ही फसवणूक म्हणताय त्याला त्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने तेव्हाच मान्यता दिली होती.

तरी सरकार थांबलं नाही. काजिरो ओयामा यांनी १९३४ साली सहा वर्षांच्या मुलाच्या, फ्रेडच्या नावावर सॅन डिएगो काउंटीत ६ एकर घेतले, पुढे आणखी २. १९४४ साली, म्हणजे हे कुटुंब युद्धाच्या हुकुमामुळे (दुसऱ्या महायुद्धात सरकारने जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हटवून छावण्यांत ठेवलं होतं) कॅलिफोर्नियात पाऊलही ठेवू शकत नव्हतं तेव्हा, राज्याने ती जमीन जप्त करायचा दावा लावला. १९४८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात फ्रेड जिंकला. कारण काय दिलं? इतर कोणत्याही बापाने मुलाला जमीन घेऊन दिली तर ती भेट धरली जाते, बाप जपानी असेल तरच ती फसवणूक धरली जाते, हे समानतेच्या विरुद्ध आहे. तुमच्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मी देऊ शकत नाही.

आणि "कायदा सगळ्या परकीयांना सारखा होता" असंही तुम्ही ओझरतं म्हटलंय. कायद्यात जपानी शब्द नव्हता हे खरं. पण नागरिक होता येत नाही असे परकीय म्हणजे कोण? १७९० च्या कायद्याने नागरिकत्व "गोऱ्या" लोकांना, १८७० मध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांना जोडलं, बाकी आशियाई बाहेर. इटालियन शेतकरी, पोर्तुगीज शेतकरी काल आला तरी जमीन घेऊ शकत होता. १९१३ चा कायदा लिहिणारे अॅटर्नी जनरल युलिसिस वेब यांनी स्वतः जाहीर भाषणात सांगितलं होतं की या कायद्याचा मूळ आधार वंश हाच आहे. लपवलंच नव्हतं त्यांनी.

यात आपलाही एक धागा आहे. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीयही नागरिक होऊ शकत नाहीत, आणि त्याच क्षणी कॅलिफोर्नियातले पंजाबी शेतकरी, त्यातले भातवालेही, जपान्यांच्याच पंगतीत जाऊन बसले. थिंद यांच्या बाजूच्या वकिलांमध्ये एक होते सखाराम गणेश पंडित, जन्म अहमदाबादचा. नंतर सरकारने खुद्द पंडितांचंच नागरिकत्व काढून घ्यायचा घाट घातला, तेव्हा ते स्वतःची केस लढले आणि जिंकले. या माणसावर मराठीत फार काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, मला त्यांच्यावर वेगळी पोस्ट करायचीच आहे.

टेक्सास. हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि तो मला आवडला कारण त्यातून बाकीचं जास्त स्पष्ट होतं. तिथे जमीन घेणारे सेइतो सैबारा म्हणजे साधा माणूस नव्हे, जपानच्या संसदेचे माजी सदस्य, क्योतोच्या दोशिशा विद्यापीठाचे माजी प्रमुख. ह्यूस्टनच्या व्यापाऱ्यांना आणि सदर्न पॅसिफिक रेल्वेला टेक्सासच्या किनारपट्टीवर भात वाढवायचा होता, रेल्वेला मालवाहतूक हवी होती, म्हणून त्यांनी जपानी वकिलातीमार्फत असे लोक बोलावले. सैबारा १९०३ मध्ये ह्यूस्टनजवळ वेबस्टर इथे आले, जमीन विकत घेतली, जपानहून शिनरिकी जातीचं बियाणं आणलं. १९०४ च्या पहिल्या पिकाची नोंद आहे एकरी ३४ बॅरल, तेव्हा तिकडच्या जुन्या जातींचं सरासरी १८ ते २०. भाताचं बॅरल म्हणजे १६२ पौंड, आपल्या भाषेत एकरी साधारण २५ क्विंटल विरुद्ध १३ ते १५. त्या पिकातलं बरंचसं बियाणं म्हणूनच टेक्सास आणि लुइझियानात गेलं. म्हणजे शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांनाही त्याचा फायदा.

मग किचिमात्सु किशी आले, १९०७ साली ब्युमाँटच्या पूर्वेला ३,५०० एकर घेतले, जपानमधल्या गुंतवणूकदारांचा पैसा मागे होता. भाताचे भाव पडल्यावर ते भाजीपाल्याकडे वळले, मध्ये तेलाचा धंदा केला, आणि १९३१ मध्ये कर्जापायी जमीन गेली. ते अपयश बाजाराचं होतं, त्याला मी वंशभेद म्हणणार नाही. इथवर तुमचं बरोबर, भांडवल असलेल्याला टेक्सासने मालक होऊ दिलं.

पण पुढे बघा. कॅलिफोर्नियाच्या १९२० च्या कायद्यानंतर तिकडचे जपानी टेक्सासकडे यायला निघाले, साधी माणसं, कुळं, हातात थोडी बचत. तर १९२१ च्या सुरुवातीला हार्लिंजनला उतरलेल्या कुटुंबांना जमावाने परत जा म्हणून बजावलं, आणि त्याच वर्षी टेक्सासनेही परकीय जमीन कायदा केला. आधीपासून राहत होते त्यांना वगळलं, तेही तिथल्या जपान्यांनी राजधानी ऑस्टिनला जाऊन आपली बाजू मांडली म्हणून. म्हणजे रेल्वेने बोलावलेले प्रतिष्ठित पाहुणे चालले, स्वतःच्या पायाने आलेले शेतकरी नाही. आणि त्या प्रतिष्ठित सैबारांनाही नागरिकत्व मिळालं नाहीच. ते पुढे ब्राझीलला गेले, शेवटी वेबस्टरला परत आले आणि १९३९ मध्ये तिथेच वारले. आशियाई स्थलांतरितांना नागरिकत्वाचं दार सरसकट उघडलं ते १९५२ साली. तेव्हा प्रश्न भांडवलाचा होता हे अर्धंच खरं. भांडवलाने काही वर्षं मिळाली, हक्क मिळाला नाही.

हे भांडवल आणि हक्काचं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते केइसाबुरो कोडा यांच्याबाबतीत, आणि तुम्ही त्यांचं नाव "यशस्वी झालेच ना" म्हणून घेतलंय म्हणून जरा थांबते. १९०८ साली फुकुशिमाकडून आलेले, नाना धंदे करून १९२० च्या दशकाच्या शेवटी मर्सेड काउंटीत साउथ डॉस पालोसला भात लावायला लागले, जमीन अर्थातच अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावाने. त्यांनी भात विमानातून पेरायला सुरुवात केली. बी आधी भिजवून घ्यायचं, म्हणजे ते जड होतं, शेतात पाणी भरून ठेवायचं, आणि वरून विमानातून टाकलं की ते तरंगत न राहता तळाला जाऊन बसतं. पाण्याखाली भात उगवतो, तण तितक्या जोमाने उगवत नाही. आमच्या पेणकडे रहू टाकतात (मोड आणलेलं भाताचं बी चिखलात फेकून पेरतात) ते बघितलेल्याला यातली अक्कल चटकन कळेल, फरक इतकाच की इथे हाताऐवजी विमान. स्वतःचं ड्रायर, स्वतःची मिल, हजारो एकर.

आणि १९४२ साली, युद्धाच्या त्याच हुकुमामुळे, हे सगळं सोडून सहकुटुंब कोलोराडोच्या आमाची छावणीत. कारभार दुसऱ्यांच्या हाती सोपवून जावं लागलं. परत आले तेव्हा उत्तम जमीन, मिल, ड्रायर, विमानं, अवजारं, बहुतेक सगळं विकलं गेलेलं. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली. भरपाईचा कायदा १९४८ साली आला, पण त्यात एकूणच लोकांनी मागितले सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलर आणि सरकारने दिले सुमारे ३ कोटी ७० लाख. कोडांचा दावा मिटायला १९६५ उजाडलं, तोवर केइसाबुरो हयात नव्हते. दरम्यान त्या कुटुंबाने कोकुहो रोझ नावाची जात बाजारात आणली, आणि आज अमेरिकेतल्या जपानी स्वयंपाकघरांत ते नाव कोणाला सांगावं लागत नाही. ते यशस्वी झाले, नक्कीच. पण "यशस्वी झालेच ना" यात पहिला भात पेरल्यापासूनचं जे दोनदा उभं करावं लागलं ते सगळं गायब होतं काका, म्हणून मला ते वाक्य लागलं.

राहिला जपानचा प्रश्न. होय, त्या काळी जपानमध्ये परकीय व्यक्तीला जमिनीची मालकी मिळत नव्हती. कॅलिफोर्नियातले कायद्याचे समर्थक तेव्हाही हेच बोलायचे. पण तिथे दीर्घ मुदतीचे वापरहक्क घेता येत होते, कंपनीच्या नावाने जमीन धरता येत होती, आणि मुख्य म्हणजे ते बंधन सगळ्याच परकीयांना होतं, त्यात अमुक वंशाला वेगळं काढलेलं नव्हतं. आणि जपानचं सरकार कसं होतं याचा हिशोब कोलुसातल्या कुळाने का चुकता करायचा? त्यातले कितीतरी लोक तर मायदेशातल्या जमीनदारीला कंटाळून निघालेले, जिथे पिकाचा निम्म्याच्या आसपास भाग खंडात जायचा. तिथली ती पद्धत मोडली १९४६ नंतरच्या जमीन सुधारणांनी. कॅलिफोर्नियाचा कायदा राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९५२ साली सेई फुजिई यांच्या केसमध्ये रद्द ठरवला आणि पुस्तकातून तो १९५६ च्या मतदानाने गेला. म्हणजे जपानमधल्या कुळाला स्वतःच्या नावावर जमीन मिळाली त्याच्या नंतर काही वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या त्याच्या भावाला मिळायची वाट खुली झाली.

तुम्ही पुन्हा मुलाकडे जाल तेव्हा काउंटीच्या रेकॉर्डर ऑफिसात जुनी खरेदीखतं बघायला मिळतात का ते विचारून बघा, कोलुसा किंवा ब्यूट दोन्हीकडे. १९१५ ते १९३० मधली जपानी नावं आणि समोर वयाने मूल असलेला मालक असं काही सापडलं तर मला जरूर कळवा, फोटो काढता आला तर उत्तमच. पुढची पोस्ट सखाराम पंडितांवर टाकते, त्यावरही तुमची कमेंट येऊ द्या.